मोठ्या सुट्टीत शाळेत जा

ठाणे,
22 नोव्हेंबर 2025

प्रिय वंदना,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तू गेलीस हे वाचून फार आनंद झाला. तू लिहिलंयस, ‘बैठकीला बोलावतात, चहा होतो, सह्या घेतात. आम्ही करायचं तरी काय?’ म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

माझं एकच सांगणं आहे. पुढच्या बैठकीच्या आधी मोठ्या सुट्टीत शाळेत जाऊन ये. मुलं काय खातात, कुठं बसून खातात, ताटात काय उरतं, ते नीट बघ. बैठकीत काय बोलायचं ते तिथंच कळेल.

आणि मुळीच बुजू नकोस. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलंय की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. तुमची शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे तुमच्या शब्दाला वजन आहे. आमची अनुदानित, इथं समितीनं फक्त सल्ला द्यायचा. तरी पुढं सांगते एवढं झालं, तर तुमच्याकडं कितीतरी होईल.

आमची शाळा ठाण्याच्या जुन्या वस्तीतली, मराठी माध्यमाची. अनुदानित असल्यामुळं आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहार मिळतो. पण निम्मी मुलं घरून डबा आणतात, निम्मी खिचडी खातात, आणि दोघांच्या पंगती वेगळ्या. डबेवाल्या काही घरांतून मुलांना बजावलेलं असतं, ‘ती खिचडी खायची नाही हं.’ का, तर ती गरिबांच्या मुलांची. सातवीतल्या मुली हे आपसांत बोलताना मी ऐकलं आणि फार वाईट वाटलं गं. एका वर्गात बसणाऱ्या मुलांमध्ये जेवणावरून अशी भिंत उभी राहते, आणि ती आपण मोठी माणसं उभी करतो.

नियम असा आहे की आहार वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी तो चाखायचा, त्यात एक तरी शिक्षक हवा. त्याची चव नोंदवही असते. आमच्या नोंदवहीत पानामागून पान एकाच हातानं लिहिलेलं, ‘चव चांगली’. आम्ही काही पालकांनी पाळी लावून घेतली. नुसतं चमचाभर चाखायचं नाही, ताट वाढून घेऊन मुलांबरोबर बसायचं. खिचडी वाईट नव्हती. पण दुधीच्या आणि फ्लॉवरच्या जाड फोडी मुलं ताटाच्या कडेला सारत होती आणि त्या सरळ बादलीत जात होत्या. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी मिळावी असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातली भाजी कागदावर पोटात गेली होती, प्रत्यक्षात बादलीत.

स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या ताईंशी आम्ही बोललो. डाफरायला गेलो नव्हतो, आणि तूही तसं जाऊ नकोस. तांदूळ सरकारकडून येतो. पण डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्याला पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 6.78 रुपये आणि सहावी ते आठवीला 10.17 रुपये मिळतात. हा 1 मे 2025पासूनचा वाढलेला दर आहे! एवढ्यात त्या बायका रोज वेळेवर गरम अन्न पोचवतात, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. भाजी किसून घालाल का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘किसणी मोठी द्या, घालतो.’ दिली. आता दुधी, गाजर खिचडीत मिसळून जातं, कडेला सारायला फोडच उरत नाही. शिवाय पालकांच्या वर्गणीतून लिंबाची फोड. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळं डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. वयात येणाऱ्या मुलींना त्याची फार गरज असते.

पालक खिचडी खायला बसू लागल्यावर पंगतीतलं अंतरही कमी झालं. डबेवाली मुलं ताट पुढं करू लागली, खिचडीवाल्यांना पोळीभाजी मिळू लागली. हे परिपत्रक काढून झालं नसतं.

आता डब्याचं. पालकसभेत आईला डब्यावरून बोल लावायची एक वाईट सवय आहे. ‘मॅगी देऊ नका, बिस्किटं देऊ नका.’ बरोबर आहे. पण पहिलीतला एक मुलगा डब्याचं घट्ट झाकण दातांनी ओढत होता. ते निघेपर्यंत बाकीच्यांचं अर्धं जेवण झालेलं. पोळीचे दोन घास पोटात गेले आणि घंटा झाली. घरी जाऊन तो डबा तसाच दाखवणार आणि आईला वाटणार, पोराला भाजी आवडत नाही. हात धुण्याची रांग धरून सुट्टी वीस मिनिटांची! मुख्याध्यापिका बाईंनी लहान वर्गांची सुट्टी आधी सोडायचं कबूल केलं आणि तेवढ्यानं रिकामे डबे घरी जाऊ लागले.

पाण्याचंही बघ. आमच्या मुली बाटली भरून आणत आणि भरलेलीच परत नेत. कारण विचारलं तर स्वच्छतागृहाला कडी नव्हती. तिथं जावं लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. कडी लागली, रोज सफाई सुरू झाली. आहाराच्या कुठल्याही बैठकीत हा विषय पहिला घे.

फाटकावरच्या गाड्यांबद्दल विचारलं आहेस. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांनुसार जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण नियम दाखवून कुणाचं पोट मारावं असं मला वाटत नाही. आमच्या इथं रंगीत पेप्सीकोला आणि वेफर्स विकणाऱ्या काकांशी पालक बोलले. आता ते उकडलेले शेंगदाणे, पेरू, भाजलेले चणे ठेवतात. मुलं घेतात, कारण खाऊचे पैसे खर्च करायची हौस त्यातही भागते.

वाढदिवसाची चॉकलेटंही आम्ही बंद केली. स्नेहभोजनाची, म्हणजे लोकांनी आपल्या आनंदाच्या दिवशी मुलांना खाऊ घालण्याची, सोय पोषण आहार योजनेतच आहे, म्हणून ज्याला जमेल त्यानं त्या दिवशी केळी किंवा अंडी द्यायची. अंड्यासाठी सरकारनं नोव्हेंबर 2023मध्ये पैसे द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी 2025मध्ये ते बंद केले. आता लोकसहभागातून करा म्हणतात. मला हे पटलेलं नाही. गरीब वस्तीत लोकसहभाग आणायचा कुठून? तुम्ही समितीत ठराव करून तो वर पाठवाच. तोवर तुमच्याकडं हुलगा, मटकी घरोघरी आहे, शेरभर देणारं कुणी ना कुणी मिळेल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. पाचवीतल्या एका मुलाची आई येऊरच्या पाड्यावरची. पावसाळ्यात ती जांभळी नाक्याच्या बाजारात रानभाज्या विकते, पालकसभेला मात्र कधी येत नसे. आम्ही तिला बोलावून घेतलं. टाकळा कोवळा कसा ओळखायचा, कुर्डूची भाजी कशी करायची, शेवळं खाजू नयेत म्हणून त्यात काकडं ही आंबट रानफळं का घालतात, हे तिनं वर्गात भाज्या हातात धरून सांगितलं. तिचा मुलगा पहिल्या बाकावर सरकून बसला होता. आता ती प्रत्येक सभेला येते आणि सगळ्यांत आधी बोलते. तुमच्या गावातही जी बाई मागं उभी राहते, तिला काय येतं ते विचार. आणि बापांनाही बोलाव. मुलांचं जेवण हे काही एकट्या आईचं खातं नाही.

बैठकीची तारीख कळव. आमच्या चव नोंदवहीचा नवा तक्ता पाठवते, त्यात ‘ताटात काय उरलं’ असा एक रकाना आम्ही वाढवलाय. किसणी जांभळी नाक्यावरूनच आणली होती, तुमच्यासाठीही घेऊन ठेवू का ते लिही. काकूंना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझी,
शुभदा