नेत्रपेढीतल्या ताईंना, त्यांच्या नकाराबद्दल आभार

आदरणीय ताई,

माझ्या धाकट्या भावासाठी ठरलेला कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, तुम्ही ऐनवेळी नाकारलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. कॉर्निया मिळाला म्हणून आभार मानणारे तुम्हाला पुष्कळ भेटत असतील. मला मात्र आधी त्या नकाराबद्दल बोलायचं आहे.

केराटोकोनस या डोळ्याच्या आजारामुळे त्याच्या उजव्या डोळ्याचा कॉर्निया शंकूसारखा पुढे आला होता आणि इतका पातळ झाला होता की लेन्सही बसेना. बरेच महिने यादीत राहिल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आदल्या संध्याकाळी तुमचा फोन आला. हा कॉर्निया देता येणार नाही म्हणालात. रक्ताच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या आहेत, हेही तुम्हीच सांगितलंत. घरात सगळे चिडले. रिपोर्ट चांगले आहेत तर अडलं कुठे, हाच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. तुम्ही फोन ठेवून मोकळ्या झाला असतात तरी तुम्हाला कोणी जाब विचारला नसता. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला समोर बसवून घेतलंत. दात्याविषयी एक अक्षर न बोलता पेढीचा नियम आणि त्यामागचं कारण समजावून सांगितलंत.

"मृत्यूचं कारण नक्की कळलेलं नसेल आणि शेवटच्या दिवसांत मेंदूची किंवा मज्जातंतूंची लक्षणं असतील, तर रिपोर्ट काहीही म्हणू दे, आम्ही थांबतो."

मग तुम्ही 1978 सालची अमेरिकेतली घटना सांगितलीत. दात्याचं शरीर खालून वर लुळं पडत गेलं होतं आणि त्यातच मृत्यू आला होता. रेबीजचा संशय कोणालाच आला नाही. त्याचा कॉर्निया ज्या रुग्णाला बसवला, त्याला साधारण महिन्याभरात त्रास सुरू झाला आणि तो दगावला. दाताही रेबीजनेच गेला होता, हे त्यानंतर उलगडलं. पुढे फ्रान्स, थायलंड, भारत आणि इराणमध्येही अशा घटनांची नोंद झाली. जगभरातल्या एकूण प्रत्यारोपणांच्या मानाने हे रुग्ण अगदी मोजके आहेत. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून तुम्ही त्याला इतकं जपता.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा धोका तिथे कमी, हे मी ऐकून होते. दुसरी बाजू तुमच्याकडून कळली. कॉर्नियात मज्जातंतूंचं जाळं अतिशय दाट असतं, म्हणून तर डोळ्यात बारीकसा कण गेला तरी जीव कासावीस होतो. आणि रेबीजचा विषाणू प्रवास करतो तो मज्जातंतूंमधूनच. दात्याच्या रक्ताच्या नेहमीच्या चाचण्यांमध्ये तो पकडला जात नाही. त्याला अडवायचं तर नातेवाइकांना विचारावं लागतं, दुसरा सोपा मार्ग नाही.

तुमचा तो कोरा फॉर्म मी नीट वाचला. कुत्रा, मांजर, वटवाघूळ चावलं किंवा ओरबाडलं होतं का? गिळताना त्रास, पाण्याची भीती, बोलण्यात असंबद्धपणा? ताप कधीपासून होता? कावीळ झाली होती का? अलीकडे रक्त चढवलं होतं का, गोंदवून घेतलं होतं का? समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "दोघांना वेगवेगळं विचारणे." मृत्यूनंतर काही तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणजे हे सगळं विचारायचं ते माणूस नुकतंच गेलेल्या घरात. काही जण रागावतात, काही जण फोन कापतात, असं तुम्ही सहज बोलून गेलात. माझ्या मते तुमच्या पेढीतलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

आमच्या मनात भीती होती ती एचआयव्हीची. दान केलेल्या कॉर्नियातून एचआयव्ही झाल्याची नोंद नाही, तरीही बाधित दात्याचा कॉर्निया आम्ही घेतच नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. हिपॅटायटिस बी मात्र 1980 च्या दशकात दोन रुग्णांना झाल्याची नोंद आहे, हे लपवलं नाहीत. आता ती चाचणी प्रत्येक दात्याची होते. नागिणीच्या नव्हे, ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसचा विषाणूही क्वचित दात्याच्या कॉर्नियातून आल्याचं दिसलं आहे, पण बहुतेक वेळा तो रुग्णाच्याच शरीरात आधीपासून दडून असतो. हा फरक कोणीतरी सांगायलाच हवा होता.

निगेटिव्ह रिपोर्टवर तुम्ही डोळे मिटून विश्वास का ठेवत नाही, तेही उमगलं. संसर्ग अगदी ताजा असेल तर सुरुवातीचे काही दिवस तो चाचणीत दिसतच नाही. शिवाय अपघातात खूप रक्त गेलेल्या माणसाला सलाइन आणि दुसऱ्यांचं रक्त भरपूर दिलेलं असतं. मग तपासणीच्या नमुन्यात त्याचं स्वतःचं रक्त इतकं पातळ झालेलं असतं की खरा संसर्गही निसटू शकतो. म्हणून रक्त किती पातळ झालं असेल याचा तुम्ही हिशेब मांडता, किंवा रक्त चढवण्यापूर्वीचा नमुना शोधता. उलटही घडतं. मृत्यूनंतर घेतलेल्या रक्तातल्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे कधी खोटा पॉझिटिव्ह येतो आणि चांगला कॉर्निया वाया जातो. ते सांगताना तुमचा आवाज बदलला होता. एकेका कॉर्नियासाठी किती जण थांबलेले आहेत, ते तुम्हाला रोज दिसतं. तरीही शंका असेल तिथे तुम्ही रुग्णाच्या बाजूने निर्णय घेता.

"धोका शून्य आहे असं मी लिहून देणार नाही," असंही तुम्ही भावाला म्हणालात. त्या वाक्यानंतरच त्याने संमतीपत्रावर निश्चिंतपणे सही केली.

पुढे दुसरा कॉर्निया आला तेव्हा तुम्ही ती छोटी बाटली आम्हाला दाखवलीत. गुलाबीसर द्रावणात तळाशी काचेच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक चकती होती. लेबलवर दात्याचं नाव नव्हतं. फक्त क्रमांक, मृत्यूची वेळ, डोळा काढल्याची वेळ, पेशींची संख्या आणि चाचण्यांचे निकाल होते. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तुम्ही तिचा अर्थ सांगितलात. त्या दात्याच्या घरच्यांनीही तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असतील. त्यांना मी कधी भेटणार नाही, म्हणून त्यांचेही आभार तुमच्याकडे पोचवते आहे.

आमच्या घरातल्या सगळ्यांनी आता नेत्रदानाचे अर्ज भरले आहेत. कोणाला कधी कावीळ झाली, कोणाला कुठली औषधं चालू आहेत, हे एका वहीत लिहून ठेवलं आहे. तुमच्या पेढीतून कधी फोन आलाच, तर उत्तरं द्यायला कोणाला अडखळावं लागणार नाही.

भावाचे उरलेले टाके काढायला आम्ही पुढच्या महिन्यात येतो आहोत. त्याला तुम्हाला भेटायचं आहे, तेवढा वेळ नक्की काढा.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची बहीण