आधी हवा, मग बाकीचं

पुणे,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र आणि त्यासोबतची सामानाची यादी मिळाली. वाळू-चिखल-बर्फात हिंडायला जुनी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतलीस याचा मनापासून आनंद झाला, पण यादी वाचून हसूही आलं. लाइटबार, रुतलेली गाडी ओढायची विंच, पुढचा लोखंडी बुलबार, इंजिनाला छपरावरून हवा देणारं स्नॉर्केल आणि चिखलाचे भलेथोरले मड टायर! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बुलबार तर काटच. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने त्यावर बंदीचं पत्रक काढलंय. उगाच नाक्यानाक्यावर पावत्या फाडत बसशील.

त्या यादीत नसलेली एक गोष्ट आधी घे. चांगला प्रेशर गेज आणि बॅटरीवर चालणारा दणकट एअर कॉम्प्रेसर. खरी गंमत हवेत आहे, गड्या. जैसलमेरजवळ समच्या वाळूत शिरण्याआधी ३२ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) हवा १६-१८ वर आणायची. टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. बाराच्या खाली मात्र जाऊ नकोस, वळताना टायर रिममधून निसटतो. डांबरावर परतलास की आधी हवा भर, मग चहा पी. कमी हवेत वेग घेतलास तर टायर तापून फाटेल. वाळूत ब्रेक मारायचा नाही. गाडी आपोआप थांबू द्यायची, तीही उताराकडे तोंड करून, म्हणजे निघताना सोपं जातं. आणि ही हौस कोकणातल्या किनाऱ्यावर भागवू नकोस. भरतीचं पाणी तुझी वाट पाहत थांबत नाही, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घातली की दंडच.

चिखलाचं मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मागच्या श्रावणात सोलापूरकडे मामाच्या शेतात गेलो होतो. काळी माती, आदल्या रात्रीचा पाऊस आणि माझा रुबाब. वीस पावलांत टायरच्या खाचा मातीने गच्च भरल्या आणि चारही टायर गुळगुळीत लाडू झाले. मी शहाण्यासारखा ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टरने ओढून काढलं आणि म्हणाले, "चारी चाकं फिरली की खड्डेपण चार होतात, बाळा." तेव्हापासून चाक जागच्या जागी फिरलं की पाय काढतो, खाली उतरतो आणि फावडं घेतो. खोल चिखलात गाडी थांबवून, न्यूट्रल करून आधीच फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, लावायचा. रुतल्यावर लावून फारसा उपयोग नाही. उलट कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळणं घेऊ नकोस. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, आणि तो फरक सोसायला तुझ्या गाडीत मधे डिफरन्शियल नाही. सगळा ताण चाकं फिरवणाऱ्या दांड्यांवर आणि गिअरवर येतो.

स्नॉर्केलऐवजी ॲक्सलच्या (चाकांच्या दांड्याच्या) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करणाऱ्या नळ्या, वर चढवून घे. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑईलचा पार दुधाळ चहा होतो. हे काम कोपऱ्यावरचा मेकॅनिकही दुपारभरात करून देईल.

आता तुझं लाडकं स्पिती. जानेवारीत मनालीकडची कुंझुम खिंड बंद असते, म्हणजे सिमला-किन्नौरमार्गेच जावं लागेल. मड टायर तिथे कामाचे नाहीत. त्यांचे मोठे ठोकळे बर्फावर घसरतात आणि थंडीत रबरही कडक होतं. कडेवर डोंगर-हिमकणाची खूण असलेले ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांचे) टायर घे. शिवाय चाकांच्या साखळ्या. त्या इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन-चारदा लावून-काढून बघ. उणे पंधरात बोटं बधिर झाल्यावर पहिल्यांदा पिशवी उघडणाऱ्याची काय गत होते ते मी पाहिलंय. (ठीक आहे, तो मीच होतो.)

पिकअपची गोम अशी की मागे ओझं नसलं की मागची चाकं हलकी पडतात. म्हणून बर्फात ॲक्सलच्या वर वाळूच्या चार गोण्या बांधून टाक. घसरगुंडी लागली तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. राजस्थानात मात्र त्या घरीच ठेव, तिथे प्रत्येक किलो वैरी. काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर, फोर-व्हील तुला पुढे नेईल, थांबवणार नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, आपल्याला काही जास्तीचे नाहीत.

आणि हो, थंडीने हवा कमी होईल म्हणून घाबरू नकोस. दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय घटतो खरा, पण उंचावर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो. त्यामुळे पुण्यातले ३२ स्पितीतल्या काझात उणे दहाला ३१च्या आसपासच दिसतात. मी कागदावर मांडून बघितलं, तेव्हा कुठे झोप लागली.

कूलंट आणि पाणी निम्मंनिम्म ठेव, ते मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. रात्री हँडब्रेक ओढू नकोस, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लाव. डिझेलमधलं मेणही थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं. लडाखसाठी इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल काढलं ते त्यासाठीच. लेहला गेलास तर खाली मैदानात भरलेलं डिझेल टाकीत उरू देऊ नकोस, वर तिथलं ताजं भर.

विंच सध्या राहू दे. दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), ताणला जाणारा एक जाड दोर, फावडं आणि चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड एवढ्यावर पहिलं वर्ष निघेल. दिवाळीला इकडे ये. जुन्नरकडच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर जाऊन मुद्दाम रुतवू. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
मन्या

ता. क. : मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला कधीही दोर अडकवून गाडी ओढू नकोस. गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो. शॅकल चासीच्या हुकालाच लाव, आणि ताणलेल्या दोरावर ओलं गोणपाट टाक. माझं गोणपाट तुझ्याकडेच आहे, येताना आण.