शेवग्याचा पाला आणि माझ्या भाच्याची कॅप्सूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतली शेवगा आणि सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) बातमी वाचली. 'सिकलसेलवर रामबाण' हे चार कॉलमी मथळ्यात, आणि 'प्रयोगशाळेतील रक्तनमुन्यांवर' हे शेवटून दुसऱ्या ओळीत. ज्या घरात एसएस पॅटर्नचं, म्हणजे आई-बाप दोघांकडून हा दोष आलेलं लेकरू आहे तिथे शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत कोणी जात नाही. मथळा वाचतात, कात्री शोधतात आणि कात्रण जपून ठेवतात. हे मी अंदाजाने लिहीत नाही.

माझी बहीण उमरेडकडे दिली आहे. भाचा एसएस. आठवीत असताना त्याच्या हायड्रॉक्सियुरियाच्या (सिकलसेलवरचं औषध) कॅप्सूल नीट चालू होत्या, बरेच दिवस दवाखान्यात भरती करायची वेळ आली नव्हती. त्याच सुमारास तुमच्याच पेपरात कुठल्याशा पानांच्या रसाची अशीच एक बातमी आली. बहिणीच्या सासऱ्यांनी ती कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. माणूस वाईट नाही, नातवावर त्यांचा जीव आहे. पण ही कॅप्सूल कॅन्सरवाल्यांना देतात असं औषधाच्या दुकानात कोणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांच्या मनात किंतु होता. (देतातच. पण सिकलसेलसाठी डोस वेगळा, आणि तो रक्त तपासत तपासत देतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.) "पेपरात छापून आलं ते काय खोटं असते का? कॅन्सरची गोळी पोराले काहून देता?" सासऱ्यांपुढे बोलायची बहिणीची हिंमत झाली नाही. कॅप्सूल बंद झाली आणि रोज सकाळी उपाशीपोटी स्टीलच्या पेल्यातून हिरवा रस सुरू झाला.

सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि तिथेच घात झाला. हायड्रॉक्सियुरियाने रक्तातलं एचबीएफ वाढतं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असतं ते हे हिमोग्लोबिन. ते जास्त असलं की पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण घटतं. हा परिणाम चढायला महिने लागतात आणि औषध सोडलं की तो हळूहळूच ओसरतो. घरच्यांना वाटलं, रसाने भागतंय. डिसेंबरच्या थंडीत दुखणं उठलं. आधी मांड्या, मग पाठ, मग छाती. मी पोचलो तेव्हा पोरगा भिंतीला टेकून बसला होता. श्वास घेताना दर वेळी एका हाताने बरगडी दाबून धरायचा, विचारलेल्याला मानेनेच हो-नाही करायचा. आजोबा त्याच्या पायाला तेल चोळत होते, त्यांचे हात थरथरत होते. रात्रीच गाडी करून नागपूरला आणलं. दुखण्याचा झटका, ज्याला डॉक्टर क्रायसिस म्हणतात, तो छातीत गेला होता. आयसीयू, ऑक्सिजन, रक्ताच्या पिशव्या. पोरगा वाचला, पण वर्ष हातचं गेलं. ते कात्रण मी बहिणीकडून मागून आणलं, अजून माझ्याकडे आहे. त्यातही 'प्रयोगशाळेत' हा शब्द अगदी खालीच आहे.

असे प्रयोग कसे होतात हे वार्ताहराने संशोधकांनाच विचारायला हवं होतं. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून ऑक्सिजन काढून घेतात. पेशी वाकतात. मग वनस्पतीचा अर्क घालून किती पेशी वाकल्या आणि किती गोल राहिल्या ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्रयोग खरा असतो, आकडेही खरे असतील. पण त्या थेंबात अर्काचं जेवढं प्रमाण असतं तेवढं अंगातल्या सगळ्या रक्तात यायला माणसाने किती पाला खायचा? आतड्यातून आणि यकृतातून जाताना त्यातलं किती उरणार? काचपट्टीवर याचं उत्तर मिळत नाही.

व्हॅनिलाच्या शेंगेतल्या व्हॅनिलिनचं उदाहरण घ्या. ते हिमोग्लोबिनला चिकटतं आणि पेशी वाकू देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसून आलं होतं. पण तोंडाने घेतलं की रक्तात पोचायच्या आधीच पोटात त्याची मोडतोड होते. मग शास्त्रज्ञ त्याच धाटणीचे, टिकणारे रेणू घडवायला लागले. वॉक्सेलोटर हे औषध त्याच वाटेवरचं. २०१९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पुढच्या चाचण्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू जास्त दिसले म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून परत घेतलं. माणसांवर चाचण्या होऊन, मंजुरी मिळून, बाजारात येऊनही औषधाची ही गत होऊ शकते. तुम्ही मात्र काचपट्टीवरच्या एका प्रयोगाला रामबाण ठरवून मोकळे झालात.

वनस्पतींवरच्या संशोधनाला माझा विरोध नाही, उलट ते व्हावं अशी माझी तळमळ आहे. नायजेरियात लवंग आणि ज्वारीसह चार वनस्पतींपासून निप्रिसान नावाचं सिकलसेलवरचं औषध तयार केलं, त्याची ८२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि तीव्र दुखण्याचे प्रसंग कमी झाल्यासारखे दिसले. तरी ती चाचणी तपासणाऱ्यांनी हेच म्हटलं की आणखी मोठ्या चाचण्या हव्यात. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारात गव्हांकुराच्या रसाचं तेच. चंडीगढच्या डॉक्टरांनी २००४ साली १६ मुलांचा छोटा अभ्यास छापला, त्यातल्या निम्म्या मुलांना रक्त कमी लागलं. २००९ साली दुसऱ्या डॉक्टरांना तसा फायदा दिसला नाही. गव्हांकुर विकणारे आजही फक्त पहिलाच अभ्यास सांगतात.

त्याच पानावर, बातमीला लागूनच, 'रक्तवर्धक' पावडरची जाहिरात होती. 'लोहयुक्त' असं त्यात ठळक लिहिलेलं. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लोह नाही म्हणून नव्हे. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, वाकणारी जेमतेम १० ते २०. पेशी मोडते, पण तिच्यातलं लोह अंगातच राहतं. त्यात ज्याला रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात दर पिशवीमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणखी जातं आणि ते यकृतात, हृदयात साठत राहतं. अशा मुलाला तपासणी न करता लोहाची पावडर पाजणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. डॉक्टर फोलिक ॲसिड देतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. पालक-मेथी खा, शेवगा खा, मीही भाच्याला खाऊ घालतो. पण भाजी म्हणून, कॅप्सूलच्या जागी नव्हे.

नागपूरच्या पेपरने तरी हे जपायला हवं. मध्य भारतात सिकलसेल आहे हे १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं ते इथल्याच डॉक्टरांच्या कामामुळे. विदर्भातल्या किती वस्त्यांमध्ये, किती पाड्यांवर हा आजार आहे, हे तुमच्या तालुका प्रतिनिधींना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, तीही आता लिहूनच टाकतो. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचं ठरलं. कार्डवाटपाचे फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापले. पण आम्ही जातो त्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर हायड्रॉक्सियुरिया कित्येकदा नसते. "पुढच्या आठवड्यात या," एवढंच उत्तर. उमरेडहून मजुरी बुडवून आलेली बाई पुढच्या आठवड्यात परत कशी येणार? मागे तुमच्या कार्यालयात मी हे लेखी दिलं होतं. त्यातली एक ओळही छापून आली नाही.

शेवग्याच्या बातमीचा खुलासा उद्याच्या अंकात, तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. प्रयोग माणसांवर झालेला नाही आणि चालू असलेलं औषध कोणी बंद करू नये, ही दोन वाक्यं त्यात असू द्या. आणि सोमवारी सकाळी ओपीडीच्या वेळेला तुमचा एक वार्ताहर त्या खिडकीवर पाठवा. मी तिथे रांगेत असेन. कुठला दवाखाना ते या पत्रात लिहीत नाही, फोन केलात तर सांगेन.

आपला,
एक मामा
मानेवाडा, नागपूर