बाबांना, हायडेलबर्गहून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, तिथल्या सिंती लोकांना, म्हणजे युरोपातल्या रोमा समाजाच्या जर्मनीतल्या भाऊबंदांना, गाठून त्यांच्या रोमानी भाषेतले शे-दोनशे शब्द उतरवून घे, मराठीशी ताडून बघू. ते मी करणार नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

ताडायचंच तर छापलेलं पुष्कळ आहे. पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', माणसाला 'मानुश'. आकडे सहापर्यंत ओळखीचे, मग 'एफ्ता, ओख्तो, एन्या' हे ग्रीक, वाटेत उचललेले. दहाला पुन्हा आपल्यासारखं 'देश'. शिवाय जर्मन शब्दांचा भरणा. रुडिगर नावाच्या जर्मन पंडिताने १७८२ सालीच या भाषेचं मूळ हिंदुस्थानात दाखवलं होतं, तेव्हा तुमचा नंबर जरा मागचा!

पण नाझी राजवटीतही माणसं वही घेऊन त्यांच्या दारात आली होती. १९३६ पासून रॉबर्ट रिटर या नाझी वंशसंशोधकाचं पथक सिंती आणि रोमांची डोकी-नाकं मोजत, वंशावळी लिहून घेत हिंडलं. त्यातली एव्हा युस्टिन मूळची नर्स. तिला त्यांची भाषा येत असे, म्हणून घराघरांतून तिच्यावर विश्वास बसला. पथकाने सुमारे २४,००० लोकांचे अहवाल तयार केले आणि माणसं छळछावण्यांत धाडताना तेच कामी आले. मुल्फिंगेनच्या अनाथाश्रमातल्या सिंती मुलांवर अभ्यास करून या युस्टिनबाईंनी डॉक्टरेट मिळवली. मुलं मे १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत धाडली गेली, बहुतेक सगळी तिथेच मारली गेली. बाईंना शिक्षा झाली नाहीच, उलट युद्धानंतर फ्रँकफर्ट महापालिकेत नोकरी मिळाली. हे वाचून माझं डोकं फिरलं होतं.

इथे गावात सिंती आणि रोमांचं दस्तऐवज केंद्र आहे, १९९७ साली उघडलेलं. भिंतींवर घरगुती फोटो आहेत, ठेवणीतल्या कपड्यांत नटून बसलेली कुटुंबं. त्यांच्याच शेजारी नाझींचे सरकारी कागद.

१९९९ पासून रोमानी ही जर्मनीत संरक्षित अल्पसंख्याक भाषा आहे. तरी अनेक सिंती कुटुंबांना ती शाळेत शिकवलेली नको, परक्याला सांगितलेली तर नकोच. ती घरात बोलायची. भाषा टिकवायची तर चारचौघांत आणा, असं आपण मराठीबद्दल म्हणतो. यांना ते कुठल्या तोंडाने सांगायचं?

छापील शब्दसूचीच्या झेरॉक्स ग्रंथालयातून काढून पुढच्या पाकिटात पाठवते. आईला म्हणावं, लोणचं पोचलं, तेल जरा सांडलं होतं.

तुमची,
मनू