तिथं अजून पडदा असतो का रे?

शिवाजी पेठ, कोल्हापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळ्या,

फेब्रुवारीत आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर देतोय. रागावला असशील तर तो तुझा हक्क आहे. मधल्या काळात तुझी बदली झाली, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि दोन्ही वेळा मी फोनवर चार वाक्यं बोलून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलंय. इकडं तब्येती ठीक. माझी शुगरची गोळी चालू आहे, आईचे पाय दुखतात पण चालती-फिरती आहे.

लिहायला बसलोय ते एका गोष्टीपायी. फोनवर सांगता येईना. आमच्या घरात पुढच्या खोलीत बोललेलं परड्यात ऐकू जातं, तुला ठाऊकच आहे. आणि दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, कारण हॉटेलात खाल्लं म्हणून आबांच्या हातची कानशिलात खाल्लेले आपण दोघंच.

लेकीला जूनमध्ये पुण्याला सोडून आलो आणि घर एकदम मोठं झालं. आम्ही तिघंच. ही सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरातून बाहेर यायला लागली. लग्न झाल्यापासून २६ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काका होते, त्यांची पोरं शिकायला होती, आल्या-गेल्याचं होतं. परातीत पिठाचा डोंगर बघितला आहेस तू. आता चार भाकऱ्यांत काम होतं, आणि हात पुसत ही दारात येऊन उभी राहते, जणू अजून कुणीतरी जेवायचं राहिलंय.

जुलैतल्या एका गुरुवारी आईच्या गोळ्या आणायला दोघं ताराबाई पार्कात गेलो होतो. धो धो पाऊस आला. गाडी लावून एका कॅफेच्या पत्र्याखाली उभे राहिलो. आत सगळी कॉलेजची पोरं, काचेवर वाफ धरलेली. ही म्हणाली, "आत बसूया की. हितं उभं राहून भिजण्यापरीस."

आत गेलो. पोरगा आला, मी सवयीनं म्हणालो, "दोन चहा." साधा चहा त्यांच्याकडं नव्हताच. मग दोन कॉफ्या सांगितल्या. १८० रुपयांची एक, पण ते जाऊ दे. कॉफी पिऊन झाल्यावर हिनं माझा कप उचलला, आपल्या कपात घातला, बशा एकावर एक ठेवल्या, कागदी रुमालानं टेबल पुसलं, आणि सगळं हातात घेऊन उठून उभी राहिली. मोरी कुठं आहे ते बघत होती, बाळ्या. तो पोरगा पळत आला. "काकू, राहू दे, राहू दे, मी घेतो." कप त्याच्या हातात देऊन ही परत खाली बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि नुसती बसली. पाऊस थांबला तरी आम्ही उठलो नाही. घरी येताना गाडीवर मागून म्हणाली, "फुडल्या गुरुवारी येऊया?"

तेव्हापासून गुरुवार आमचा. कधी कॅफे, कधी रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळ, कधी दावणगिरी लोणी डोशाची गाडी. त्या गाडीपुढं उभं राहून तव्यावर लोण्याचा गोळा फिरताना बघायला हिला खाण्याइतकंच आवडतं. एकदा कॉकटेलही झालं. (वहिनींना आठवण कर. लग्नानंतर पहिल्यांदा तू त्यांना कोल्हापुरात आणलंस आणि मी म्हणालो, "चला वहिनी, कॉकटेल घेऊया," तेव्हा त्यांचा चेहरा! ग्लासात आईस्क्रीम, फळं आणि जेली येईपर्यंत त्या आपल्याकडं संशयानंच बघत होत्या.)

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारची गोष्ट. पोरानं विचारलं, "मॅडमना काय?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "मी सांगतो की माझं मी." मेनूवर बोट ठेवून तिनं सगळं पान वाचलं. पोरगा उभा. मला अवघडल्यासारखं झालं, तिला नाही. शेवटी चीज घातलेलं एक टोस्ट मागवलं, आणि ते यायच्या आधी सहज म्हणाली, "मला मिसळ आवडत न्हाई. कधीच आवडली न्हाई."

२६ वर्षं दर रविवारी मी डबा घेऊन मिसळ आणायला जातोय. रांगेत उभा राहतोय. कट वेगळा, शेव वेगळी, ब्रेडचा पुडा वर. आणि ही दोन स्लाईस कटाच्या कडेला लावून खायची आणि उठायची. मला वाटायचं, कमी खाते. विचारलं नाही मी कधी. कोल्हापुरात राहून मिसळ आवडते का, असं कोण कुणाला विचारतं?

तू आता हसत असशील आणि म्हणत असशील, नाशिकची मिसळ दिली असतीस तर आवडली असती. पुन्हा तो वाद नको. मिसळीबरोबर पापड आणि दही देणाऱ्या गावाबद्दल माझं मत आहे तेच आहे, आणि तू तिकडं जाऊन बाटलास हेही मत आहे तेच आहे. फुटबॉलातसुद्धा तू पाटाकडील तालमीचा, मी शिवाजी मंडळाचा; तुझ्याकडून दुसरी अपेक्षा मी ठेवूही नये.

आता खरी गोष्ट.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. दर गुरुवारी सहा वाजता पिशवी घेऊन बाहेर पडायचं, "भाजी आणतो" म्हणायचं, आणि येताना कुठूनतरी मेथीची पेंढी नाहीतर गवारी घेऊन यायची. एक्कावन्न वर्षांचा मी, पण उंबऱ्यात चप्पल काढताना छातीत तेच व्हायचं, जे आठवीत व्हायचं. तुला तो दिवस आठवत असणारच. १९८७. शाळा बुडवून खासबागेजवळ बसून आपण मिसळ खाल्ली, आणि आबा सायकलवरून उतरले. आधी मला, मग तुला. "घरात अन्न न्हाई व्हय रे तुमच्या? हॉटेलात खाऊन घराची अब्रू घालवताय?" तू सहा महिने आमच्या घराकडं फिरकला नाहीस. आबांनी तुझ्यावर हात टाकायला नको होता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो. पण ते होते तसे होते. बाहेरचं खाणं म्हणजे घरातल्या बाईचा अपमान, हे त्यांचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. आई हॉटेलची पायरी चढली नाही, हे मी लेकीला अभिमानानं सांगत आलोय.

तर परवाच्या गुरुवारी आम्ही आठला घरी आलो. आई पुढच्या खोलीत मेथी निवडायला पेपर पसरूनच बसली होती. पिशवीत हात घातला, पेंढी बाहेर काढली, आणि तिच्याकडंच बघत म्हणाली, "दोन तासांत एवढीच मिळाली?"

आम्ही दोघं गप्प. ही आत जायला निघाली. आई म्हणाली, "बस गं. हॉटेलात जाता न्हवं? तिथं अजून पडदा असतो का रे?"

मला कळेचना. कसला पडदा?

मग तिनं सांगितलं. मेथीचं एकेक पान खुडत, वर न बघता. १९७२ साल. लग्नाला वर्ष झालं होतं, मी व्हायचा होतो. आबांनी तिला दुपारच्या नाटकाला नेलं होतं, आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात. घरी सांगितलं, अंबाबाईला जातो. नाटक सुटल्यावर आबा तिला चालत बिंदू चौकाकडच्या एका हॉटेलात घेऊन गेले. फॅमिली रूम होती. लाकडी आडोसा आणि पुढं हिरवा पडदा. आबांनी मसाला डोसा मागवला, दोघांत एक. आईनं तोवर डोसा बघितला नव्हता. कुठून मोडायचा ते कळेना. आतली भाजी बघून ती म्हणाली, "यात पुरण तिखट घातलंय." आबा इतके हसले, इतके हसले, की पडद्याबाहेरून वेटरनं विचारलं, काय पाहिजे का म्हणून.

आमचे आबा. हसले.

पडदा ओढून आबांनी डोशाचा पहिला तुकडा आपल्या हातानं तिच्या पानात ठेवला. आणि निघताना म्हणाले, "घरात बोलू नकोस." तिनं ५३ वर्षं कुणाला सांगितलं नाही. २०११ साली आबा गेले, त्यानंतरही नाही. पुन्हा त्यांनी तिला कधी नेलं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

आता ऐक. गेल्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री नाट्यगृह जळालं, तेव्हा आई रात्रभर टीव्हीपुढून हलली नाही. पदर तोंडाला लावून रडत होती. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभी केलेली वास्तू, सगळं गावच हळहळत होतं, पोरंसोरंही गेटपाशी जाऊन उभी राहिली होती. त्यामुळं आईच्या रडण्याचं मला वेगळं काही वाटलं नाही. मी तिला म्हणालो, "परत बांधतील, तू झोप." बाळ्या, मी तिला झोप म्हणालो.

गुरुवारपासून मला झोप नाही. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही माझ्यानं सुटत नाहीत.

आईला घेऊन जावं असं पहिल्या क्षणालाच वाटलं. वय ७४, अजून किती वर्षं वाट बघायची? शुक्रवारी सकाळी मी म्हणालोही, "आई, या गुरुवारी तू पण चल." ती म्हणाली, "मला कशाला? तुम्ही जावा." पण तोंड फिरवून म्हणाली. ते नाही नव्हतं. तिचं नाही मला चांगलं कळतं.

पण मी हे बोललो तेव्हा ही ओट्यापाशी उभी होती, आणि तिचा हात थांबला. एवढंच, हात थांबला. ती काही बोलली नाही, बोलणारही नाही. २६ वर्षं आईला वेळेवर जेवायला घातलं, पथ्यपाणी केलं, आणि आता आठवड्यातून दोन तास असे आहेत की तिला कुणी वाढ म्हणत नाही, कुणाच्या ताटाकडं बघावं लागत नाही. आई बरोबर आली की ही आईचा डोसा मोडून देणार, पाणी गार आहे का बघणार, तिला तिखट लागलं का बघणार. टेबल कॅफेतलं असेल, पण ही पुन्हा स्वयंपाकघरात उभी. शिवाय आईसमोर "मी सांगतो माझं मी" म्हणेल का ती?

रात्री मी तिला विचारलं. म्हणाली, "घेऊन जाऊया की. त्यात काय." मग दिवा बंद केल्यावर, बऱ्याच वेळानं, "आबांनी त्यांना एकट्यालाच नेलं होतं. आणखी कुणी न्हवतं बरोबर." आणि कूस बदलली.

आता सांग. हे वाक्य आईच्या बाजूचं होतं की हिच्या? मी दोन दिवस ते तोंडात घोळवतोय. आईला वेगळं, मी एकटाच घेऊन जाऊ म्हटलं तर ती माझ्याबरोबर एकटी येणार नाही; "सुनेला घरी ठेवून पोरगा आईला हॉटेलात नेतोय" असं कुणी म्हणेल याची तिला भीती. आणि तिला घरी ठेवून आम्ही दोघं आता राजरोस बाहेर पडायचं म्हटलं, तर पिशवी हातात नसताना त्या उंबऱ्यातून पाय कसा निघायचा? खोटं होतं तेव्हा सोपं होतं.

म्हणून तुला लिहितोय. ९ ते ११ नोव्हेंबर अंबाबाईचा किरणोत्सव आहे, मावळतीची किरणं मूर्तीवर पडायचे दिवस. ९ ला रविवार. तू ये. वहिनींना जिना चढवत नसेल तर खालची खोली मोकळी करतो. किरणं बघून लगेच पळू नकोस, गुरुवारपर्यंत राहा. आणि गुरुवारी आईला तू घेऊन जा. तू म्हणालास तर ती येईल. आबांनी तुला मारलं त्याचं तिला अजून वाईट वाटतं, तुझं नाव निघालं की एकदा तरी बोलून दाखवते. तिला सांग, "काकी, आबांनी मला मारलं त्याची भरपाई म्हणून मला डोसा चारा." पैसे तिला देऊ दे. तिच्या बटव्यात असतात. ते बिंदू चौकातलं हॉटेल आता नाही, मी जाऊन बघून आलो, मोबाईलचं दुकान झालंय. पण राजारामपुरीत एक उडपी आहे, कोपऱ्यात भिंतीकडेला दोघांचं टेबल आहे. पडदा नाही. तू तिच्यापुढं रस्त्याकडं पाठ करून बस, म्हणजे आडोसा होईल.

त्या वेळात आम्ही दोघं ताराबाई पार्कात असू.

तुझ्या धाकट्याच्या इंजिनिअरिंगचं काय झालं ते कळव, आणि नव्या ऑफिसात साहेब कसा आहे तेही. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपायला सांग. येताना चिवडा आण. त्या एका बाबतीत नाशिकला मी मानतो.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर आई पाकीट उन्हात धरते.

तुझाच,
आप्पा