पाच किलोमीटर राहू द्या, पाचशे मीटर द्या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

पुण्याच्या मेट्रोबद्दल लिहिते आहे. तक्रार गाडीबद्दल नाही आणि तिकिटाबद्दल तर मुळीच नाही. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत ठेवली आहे, म्हणजे पुणेकर ऑफिसखेरीजही घराबाहेर पडतो हे कुणाच्या तरी लक्षात आलंय. त्याच भरवशावर सासूबाई, नवरा आणि दोन मुलं असं आमचं बिऱ्हाड सुट्टीच्या दिवशी वनाझला गाडीत चढतं. पाच जण एका रिक्षात बसत नाहीत, आणि मंडईजवळ दोन गाड्या लावायला जागा शोधणं म्हणजे काय हे पुण्यात वेगळं सांगावं लागत नाही.

प्रवास छान होतो. डेक्कनचं पगडीच्या आकाराचं छत आलं की धाकटा खिडकीला नाक लावतो. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. उंचावरच्या फलाटावरून थेट जमिनीखाली ३३ मीटर, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी हे एक. तरीही वरचं ऊन खाली फलाटापर्यंत पोचेल अशी रचना केली आहे. ज्यांनी केली त्यांना दाद द्यायला हवी. सरकत्या जिन्यापाशी सासूबाई एका हाताने निऱ्या उचलून धरतात, दुसऱ्या हाताने नातीचं मनगट, दोन पायऱ्या जाऊ देतात आणि तिसरीवर पाय ठेवतात. पुढे कसबा पेठेकडे जाताना गाडी मुठेच्या खालून जाते. १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी लहानपणी पाहिलाय, त्यांना नदीखालून कोरड्या पायांनी जाण्याचं अप्रूप किती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग मंडई येते. आम्ही वर येतो, रस्त्याला लागतो, आणि त्यांचा सगळा उत्साह मावळतो.

पदपथ आहे, पण त्यावर दुचाक्या. दुचाक्या संपतात तिथे विजेचा डीपी, डीपीच्या पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक. गुडघ्यांचं दुखणं असलेलं माणूस पदपथाची ती उंच कड किती वेळा चढणार-उतरणार? त्यामुळे सगळी वरात रस्त्यावरून. धाकटा बाबाच्या खांद्यावर, मुलगी माझ्या आतल्या बाजूला, सासूबाई मागे, आणि त्यांच्या कोपराला घासून जाणारी रिक्षा. तुळशीबाग तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तेवढ्यात त्या दोनदा म्हणतात, "पुढच्या वेळी घरूनच रिक्षा करू." इतक्या खोल बोगदा खणणाऱ्या शहराला जमिनीवरचा पदपथ जमू नये?

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. रूळ एका संस्थेचे, पदपथ दुसरीचा, बस तिसरीची, सिग्नल चौथ्या खात्याचा. कुठेही विचारा, "हे आमच्याकडे येत नाही" हे उत्तर तयार असतं. गंमत म्हणजे प्रत्येक जण खरंच बोलत असतो!

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणात याचा विचार केलेला आहे. स्थानकाच्या आजूबाजूचं पाच किलोमीटरचं क्षेत्र धरून तिथे पूरक बससेवा, चालण्यासाठी आणि सायकलसाठी वाटा यांची हमी राज्यांनी प्रकल्प अहवालातच द्यायची, असं ते सांगतं. पाच किलोमीटर राहू द्या. मी पाचशे मीटर मागते आहे. तेवढी जागा स्थानकाचाच भाग धरावी. तिथला पदपथ, रस्ता ओलांडायची जागा, रिक्षाथांबा आणि बसथांबा या सगळ्याला एकच जबाबदार अधिकारी नेमावा, आणि त्याचं नाव व फोन नंबर स्थानकाच्या प्रत्येक दारावर लावावा.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं की पुढची कामं रांगेत आहेत. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भागाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, त्याच दिवशी स्वारगेट-कात्रजची पायाभरणीही झाली. जून २०२५ मध्ये वनाझ-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली या विस्तारांना केंद्राची मंजुरी मिळाली: १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये. चांदणी चौकात आजही चालत रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. तिथे आधी खांब आणि मग कधीतरी पदपथ असं झालं, तर पुन्हा तेच होणार. तयार स्थानकाभोवती मागाहून जागा मोकळी करणं किती अवघड जातं, ते पेठांत दिसतंच आहे.

पैशांची अडचण असेल असं वाटत नाही. हजारो कोटींच्या कामात पेव्हर ब्लॉकचा खर्च तो कितीसा?

तरी या १३ स्थानकांच्या आराखड्यांत दारापासूनचे हे पाचशे मीटर कोणाच्या जबाबदारीत धरले आहेत, तेवढं कृपया जाहीरपणे कळवावं.

कळावे,
आपली,
कोथरूडची एक प्रवासी