मळ्यातल्या आप्पांना

तीर्थस्वरूप आप्पांना,
साष्टांग नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेलच. पण मी ते मुद्दाम सगळ्यांसाठी लिहितेय. वाई तालुक्यातल्या आमच्या परसात थंडीच्या दिवसांत कोण कोण येऊन जातं, हे मला पुस्तकांआधी तुम्ही दाखवलंत.

सगळ्यात आधी आठवते ती राख. विहिरीकडच्या वाटेवर रात्री तुम्ही चुलीतली राख चाळून पसरायचात आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत मला हाक मारायचात. मांजराच्या पावलाला चार बोटं उमटतात, उदमांजराच्या पाच, हे मी तिथंच उकिडवं बसून शिकले. मग बांधावरच्या दगडावरची उदमांजराची विष्ठा दाखवलीत, उंबराच्या बारीक बियांनी भरलेली. गावात ज्याला मसण्याऊद म्हणतात आणि पोरं ज्याच्यामागे काठ्या घेऊन धावतात, ते जनावर रात्रभर उंबरं, पपया खात हिंडतं आणि बिया लांबलांब टाकत जातं. कधी कोंबडीही नेतं, हे तुम्ही लपवलं नाहीत. खुराड्याला जाळी लावा म्हणालात. त्या पोरांना तुम्ही अडवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या जनावराच्या बाजूने आहे खरा, पण त्या रात्री कायद्याआधी तुम्ही पोचलात.

परसामागच्या हरभऱ्यात तुम्ही ज्वारीचे चार दाणे मिसळून पेरता. ताटं वर आली की त्यांवर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि घाटेअळी टिपतात. कृषी खात्याची माणसं याला पक्षीथांबे म्हणतात.

आणि थंडीत येणारे पाहुणे पक्षी! घाणेरीचं कुंपण तोडू नका, पाचोळा जाळू नका, असं तुम्ही आईला बजावलंत, म्हणून थिरथिरा आमच्याकडे टिकला. काळी छाती, तांबूस पोट, शेपूट सारखी थरथरत असलेली. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून तो येतो. पिवळ्या पोटाचा धोबी हौदाच्या ओल्या कडेने पळत असतो. मुंबईतल्या एका बागेत पायात कडी घातलेला असाच धोबी पुढच्या हिवाळ्यांत पुन्हा त्याच हिरवळीवर उतरल्याची नोंद आहे. तुम्ही ती कधी वाचली नाहीत, तरी "गेल्या साली आलेला हाच" असं ठामपणे म्हणायचात. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरले की तुम्ही गोफण घेता, तेही मला पटतं. कणसं तुमच्या कष्टाची आहेत. काटेसावर फुलली की त्याच भोरड्या मध प्यायला येतात, तेव्हा तुम्ही गोफण खुंटीला टांगून नुसते बघत बसता.

आता एक विनंती. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, २०१३ पासून आपल्या देशातही. एका जागी पंधरा मिनिटं थांबायचं, जे दिसेल ते मोजायचं. यंदा तुम्ही आमच्या कट्ट्यावर बसा, दिसेल ते सांगा, मी लिहून घेते. काकूंनाही आणा, त्यांना पिंगळ्याची ढोली ठाऊक आहे.

तुमची,
वाड्यातली धाकटी